पात्र हललं की मग बोलू

नव्या सुपरहिरो कार्टूनचं पहिलं चित्र बाहेर पडलं की पुढे काय होणार ते आता पाठ झालंय. जुना चेहरा आणि नवा चेहरा शेजारी शेजारी लावले जातात. कुणाला हनुवटी खटकते, कुणाला डोळे मोठे वाटतात, कुणाला खांदे पडलेले दिसतात. "हा आमचा बॅटमॅनच नाही," असं कुणीतरी म्हणतं आणि बाकीचे माना डोलावतात. मालिकेचा एकही भाग तोवर कुणी पाहिलेला नसतो. पात्र एक शब्द बोललेलं नसतं, एक पाऊल चाललेलं नसतं. निकाल मात्र लागलेला असतो.

मी या चाहत्यांपैकीच एक. चित्रं काढायचा नाद लहानपणापासूनचा, त्यामुळे नवी मालिका जाहीर झाली की गोष्ट काय आहे याआधी पात्रं कशी काढलीत ते बघते. आवडलं तर वहीत उतरवून बघते, नाही आवडलं तरी उतरवून बघते. स्वतःचा हात फिरवल्याशिवाय एखादी रेघ तशी का आहे ते मला उमगत नाही. म्हणूनच चिडणाऱ्यांचा मला राग येत नाही. मुखवट्याच्या कानांची टोकं जराशी आखूड झाली म्हणून ज्याचा जीव वरखाली होतो, त्याने ते कान वर्षानुवर्षं मन लावून पाहिलेले असतात. असा प्रेक्षक कुठल्या चित्रकाराला नको असेल? माझं भांडण आहे ते घाईशी. कार्टूनमधलं पात्र स्थिर चित्रात अर्धंच असतं. उरलेलं अर्धं ते हलायला लागल्यावर दिसतं, आणि डिझाइन चांगलं की वाईट हे त्या दुसऱ्या अर्ध्यात ठरतं.

डिझाइन म्हणजे एक देखणं चित्र, अशी आपली समजूत असते. स्टुडिओत जे बनतं त्याला मॉडेल शीट म्हणतात. त्यावर तेच पात्र समोरून, पाऊण बाजूने, कडेने आणि पाठमोरं काढलेलं असतं. सोबत रागावलेला, हसणारा, दचकलेला चेहरा असतो. मूठ कशी वळते, केप खांद्याला कुठे जोडलीय, बाकीच्या पात्रांशेजारी उभं केलं तर उंची किती भरते, हेही असतं. हे सगळं कुणासाठी? ज्यांनी ते पात्र घडवलेलं नाही, बहुतेकदा दुसऱ्याच देशात बसून ज्यांना ते काढायचंय, त्यांच्यासाठी. सेकंदाला २४ फ्रेम लागतात. हाताने काढलेल्या कार्टूनमध्ये बहुधा एक चित्र दोन फ्रेम टिकवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. २२ मिनिटांचा भाग सतत हलता धरला तर १५,८४० चित्रं होतात. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी पात्र उभंच असतं, नुसते ओठ हलतात, त्यामुळे आकडा पुष्कळ खाली येतो. तरीही पोशाखावर हौसेने दिलेली एक जादा घडी हजारो वेळा, वेगवेगळ्या हातांनी, तंतोतंत काढावी लागते.

१९६७च्या स्पायडरमॅन कार्टूनमध्ये हे उघड दिसतं. कॉमिक्समध्ये त्याच्या पोशाखाच्या सगळ्या लाल भागावर जाळं विणलेलं असतं. कार्टूनवाल्यांनी ते मुखवटा, हातमोजे आणि बुटांवर ठेवलं आणि धड कोरं सोडलं. प्रत्येक चित्रात छातीवर जाळं विणत बसायला ना वेळ होता ना पैसा. आज त्यातली दृश्यं पाहिली की ते मोकळं लाल धड आधी डोळ्यांत भरतं.

पण रेघा कमी केल्या की काटकसरच केली असं मात्र नाही. १९९२च्या बॅटमॅन मालिकेतली पात्रं ब्रूस टिमने घडवली. त्या वेळच्या सुपरहिरो कॉमिक्समध्ये स्नायूंवर स्नायू, आणि त्यांवर बारीक रेघांची दाटी असायची. टिमने ते सगळं पुसून टाकलं. खोक्यासारखा जबडा, रुंद खांदे, खाली निमुळतं होत जाणारं अंग, केप मिटली की एकसंध काळा आकार. मागची दृश्यं पांढऱ्याऐवजी काळ्या कागदावर रंगवायची कल्पना एरिक रॅडोम्स्कीची. काळोखातून फक्त उजेडाच्या जागा वर आणल्या. हा बॅटमॅन मी कितीदा काढलाय. पहिल्यांदा वाटतं, यात आहेच काय? मग लक्षात येतं की लपायला जागाच नाही. रेघ कमी असली की प्रत्येक रेघ बरोबर लागावी लागते. आणि तो कोपऱ्यात वळून उभा राहतो तेव्हा डोळा, नाक, तोंड काहीही न दिसता नुसत्या आकारावरून तो आहे हे कळतं.

माझ्या पिढीच्या कितीतरी जणांसाठी हाच "खरा" बॅटमॅन. नव्या प्रत्येक बॅटमॅनला याच मापाने मोजलं जातं. म्हणून २०२४च्या ऑगस्टमध्ये प्राइम व्हिडिओवर आलेल्या 'बॅटमॅन : केप्ड क्रुसेडर'बद्दल जी चर्चा झाली ती मी फार लक्ष देऊन ऐकली. कारण ही मालिका पुन्हा त्याच ब्रूस टिमची होती, आणि सगळ्यात जास्त वाद झाला हार्ली क्विनवरून.

हार्ली मुळात कॉमिक्समधली नाहीच. पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांनी ती १९९२च्या मालिकेसाठी घडवली, तीही बॅटमॅनचा शत्रू जोकर याची एका भागापुरती साथीदार म्हणून. लाल-काळा विदूषकाचा पोशाख, पांढरा चेहरा, डोळ्यांभोवती काळी पट्टी. लोकांना ती एवढी आवडली की परत परत आली आणि पुढे कॉमिक्सने तिला आपलंसं केलं. केप्ड क्रुसेडरमध्ये ती आशियाई-अमेरिकन आहे, पोशाखात लालऐवजी पिवळा आहे, आणि जोकरशी तिचा काडीचा संबंध नाही. पहिली चित्रं आल्यावर ऐकू आलं ते हेच : ही हार्ली नाही.

चित्रं शेजारी लावली तर म्हणणं खरं वाटतं. मग मालिका बघावी. जुनी डॉक्टर हार्लीन क्विन्झेल आधी गंभीर होती, आणि पोशाख चढवला की खिदळायची. इथे उलट आहे. दवाखान्यातली डॉक्टर मोकळी, हसरी, मैत्रिणीसारखी. पोशाखातली हार्ली थंड. आता तो पिवळा रंग बघा. लाल-काळी हार्ली कोलांट्या मारते तेव्हा ते रंग तिच्याबरोबर उड्या मारतात. पिवळी-काळी हार्ली उभी राहते, समोरच्याकडे बघते, आणि तो पिवळा तिथेच थांबून राहतो. विषारी किड्यांच्या अंगावर असतो तसा. खेळकरपणा काढून घेतल्यावर विदूषकाचा पोशाख किती भीतिदायक होतो ते मला त्या भागात पहिल्यांदा जाणवलं. तुम्हाला ही हार्ली आवडणार नाही, हे मी समजू शकते. जुनीतला उत्साह हवाहवासा होता, आणि तो इथे नाही. पण "चुकीचं डिझाइन" म्हणायचं तर या बाईला जे करायचंय त्यात ते कुठे आड येतं, ते दाखवावं लागेल. मला तरी तशी जागा सापडली नाही.

मुखवटा घातलेल्या पात्राचं डिझाइन हा तर स्वतंत्र विषय. बॅटमॅनचं निदान तोंड उघडं असतं. स्पायडरमॅनचा चेहरा स्टीव्ह डिटकोने १९६२मध्ये पुरता झाकला. कागदावर त्यामुळे काही बिघडत नाही, फुगा काढला की तो बोलतोय हे कळतं. पडद्यावर मात्र नायकाला ना ओठ, ना भुवया, ना बाहुल्या. उरतात फक्त दोन पांढरे आकार. मग कार्टूनवाले त्या आकारांनाच अभिनय करायला लावतात. दचकला की ते मोठे होतात, संशय आला की बारीक, आणि चिडला की वरची कड तिरपी उतरते. कापड असं कसं आकसतं, हा प्रश्न कार्टून बघताना कुणाच्या मनात येत नाही. २०१६मध्ये खऱ्या माणसांच्या चित्रपटात हेच करायचं ठरलं तेव्हा मात्र मुखवट्यात झडपांचं यंत्र बसवावं लागलं.

२०२५च्या जानेवारीत डिस्ने प्लसवर 'युअर फ्रेंडली नेबरहूड स्पायडर-मॅन' आलं. त्याआधी त्याची झलक पाहून बरीच कुरकुर झाली होती. ही मालिका त्रिमितीत, संगणकावर घडवलेली, पण रंगाचे सपाट थर आणि काळ्या कडा देऊन जुन्या छापील कॉमिक्ससारखी केलेली. स्थिर चित्रात ती छान दिसायची, झलकेत थोडी ताठ वाटायची. चालताना पात्रं जड वाटतात, ही तक्रार मलाही पटली होती आणि काही दृश्यांबाबत अजूनही पटते. उभं राहून दोघं बोलत असतात तिथे हात कुठे ठेवावेत हे त्या पात्रांना कळत नाही असं वाटतं.

ती मालिका मी भाच्याबरोबर पाहिली. त्याने आधीचा एकही स्पायडरमॅन नीट पाहिलेला नव्हता. पहिल्या भागात एका ठिकाणी मला थांबवून त्याने विचारलं, "मावशी, हा आत्ता घाबरला ना?" पडद्यावर दिसत होता तो नुसता मुखवटा. एक डोळा किंचित मोठा, एक किंचित लहान, आणि मान खांद्यांत ओढलेली. मी त्याला विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, "दिसतंय की." एवढंच. पुढे स्पायडरमॅनच्या गोष्टीतला बडा उद्योगपती नॉर्मन ऑस्बॉर्न आला. कॉमिक्समध्ये तो गोरा, विटकरी कुरळ्या केसांचा. इथे काळा, कोल्मन डोमिंगोच्या खोल, शांत आवाजाचा. यावरूनही खूप बोललं गेलं होतं. भाच्याच्या मनात प्रश्न एकच होता : हा माणूस पीटरशी (मुखवट्याआडचा पोरगा तो) इतका चांगला का वागतोय, याला हवंय काय? त्या पात्राबद्दल नेमका हाच प्रश्न पडायला हवा. रुंद छाती, घट्ट शिवलेला सूट, पीटरपेक्षा कायम वरून येणारी नजर. ऑस्बॉर्नचा दरारा त्या आकारात पुरेपूर उतरलाय, कातडीचा रंग कुठलाही असो.

प्रत्येकाचं "मूळ" असं कुठे ना कुठे सुरू होतं. २००१च्या जस्टिस लीग कार्टूनमध्ये ग्रीन लँटर्न या सुपरहिरोच्या जागी जॉन स्टुअर्ट या काळ्या माणसाला घेतलं. कॉमिक्समध्ये तो १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून होता, पण ठळकपणे पुढे असायचा तो गोरा हॅल जॉर्डन. आज त्या मालिकेवर वाढलेल्यांना विचारा. त्यांच्या डोळ्यांपुढे जॉनच येतो, ते हिरवे डोळे आणि तो करडा आवाज.

आता थोडं अवघड बोलायचंय. काही प्रतिक्रिया डिझाइनबद्दल असतात असं मला वाटतच नाही. २०१८मध्ये शी-रा या तलवारधारी नायिकेच्या नव्या मालिकेची चित्रं आली. १९८५च्या मालिकेतली शी-रा भरल्या अंगाची, तोकड्या झग्यातली, वयाने मोठी वाटणारी बाई. एन. डी. स्टीव्हन्सनच्या नव्या मालिकेत शी-रा होणारी अडोरा ही किशोरवयीन मुलगी, आणि ती तशीच दिसते. यावर मोठी माणसं चिडली. ती मुलासारखी दिसते, तिच्यात बाईपण नाही, असं बोललं गेलं. लहान मुलामुलींसाठी काढलेल्या किशोरवयीन मुलीच्या अंगाची अशी मापं काढणं मला तेव्हाही किळसवाणं वाटलं, आजही वाटतं. अनेक चित्रकारांनी त्या दिवसांत तीच शी-रा आपापल्या पद्धतीने काढून उत्तर दिलं, ते जास्त बोलकं होतं. मालिका पाच सीझन चालली.

एक्स-मेन या सुपरहिरोंच्या चमूतल्या 'रोग' (Rogue) नावाच्या नायिकेचंही तसंच. १९९२ची एक्स-मेन मालिका पुढे चालवणारं 'एक्स-मेन ९७' मार्च २०२४मध्ये आलं, आणि त्याआधी तक्रार काय होती? तर रोगच्या अंगाची वळणं पूर्वीसारखी राहिली नाहीत. मग पाचवा भाग आला. रोगचा शाप असा की तिचा स्पर्श झाला की समोरच्याची शक्ती, आठवणी, जीवच तिच्यात ओढला जातो. म्हणून ती आयुष्यभर अंग झाकून, हात राखून वावरते. त्या भागाच्या शेवटी तिचा जीव जडलेला गॅम्बिट मरून पडलाय, तिने त्याला जवळ घेतलंय, आणि स्पर्शातून काहीच येत नाही. आत्तापर्यंत जे तिला नको होतं तेच आता होत नाहीये, आणि त्यावरूनच तिला कळतं की तो गेला. चेहऱ्यावर मोजक्या रेघा आहेत. भुवया वर चढतात, तोंड उघडं राहतं. ते दृश्य पाहून कुणी कमरेचं माप काढलं असेल असं मला वाटत नाही.

याच्या अगदी उलट, वरवर पोरकट वाटणारा एक राग मला फार खोल वाटतो. २०१८मध्ये मांजरवर्गी योद्ध्यांच्या जुन्या कार्टूनची नवी आवृत्ती 'थंडरकॅट्स रोअर' जाहीर झाली आणि गोल चेहऱ्यांची, रबरी हातापायांची ती पात्रं बघून चाहते संतापले. "कॅलआर्ट्स स्टाईल" हे लेबल पुन्हा बाहेर निघालं. कॅलिफोर्नियातल्या एका कलासंस्थेवरून आलेली ही शिवी, घेवड्याच्या आकाराच्या हसऱ्या तोंडांना उद्देशून. ती वाटेल त्याला चिकटवतात. 'स्टीव्हन युनिव्हर्स' या कार्टूनवर ती हमखास चिकटते, आणि ते घडवणारी रिबेका शुगर शिकली न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये. शिवी सोडून देऊ. राग कशाचा होता? २०११ची थंडरकॅट्स मालिका २६ भागांनंतर बंद झाली, गोष्ट अर्ध्यात टाकून. चाहते सहाएक वर्षं त्या उरलेल्या अर्ध्याची वाट बघत होते, आणि त्यांच्या हाती आली विनोदी मालिका. 'टीन टायटन्स' या किशोरवयीन सुपरहिरोंच्या कार्टूनचंही तेच. २००६मध्ये शेवटचा भाग मोठा प्रश्न उघडा ठेवून संपला. २०१३मध्ये तेच आवाज परत आले, पण बुटक्या, मोठ्या डोक्यांच्या पात्रांच्या तोंडून, थट्टामस्करी करत. अशा वेळी लोक नाकाच्या आकाराबद्दल बोलतात, कारण नाक समोर दिसतं. अर्धवट राहिलेल्या गोष्टीचं दुःख कुठे दाखवायचं? ते मग त्या बिचाऱ्या गोल चेहऱ्यावर निघतं.

आणि चाहत्यांचं ऐकलं गेल्याची गोष्ट म्हटली की सगळे व्हिडिओ गेममधल्या सॉनिक या निळ्या साळिंदरासारख्या पात्राचं नाव घेतात. तो चित्रपट होता, कार्टून मालिका नव्हे, पण या चर्चेत तो टाळता येत नाही. २०१९च्या एप्रिलअखेर ट्रेलर आला, माणसासारखे दात असलेला निळा सॉनिक पाहून लोक हबकले, दोनच दिवसांत दिग्दर्शकाने बदल करू असं जाहीर केलं, आणि प्रदर्शन नोव्हेंबरवरून पुढल्या फेब्रुवारीवर गेलं. ती तक्रार रास्त होती. तिच्यात नेमकेपणा होता : दात, डोळे, हातांचे पंजे. आणि तिथे पात्र हलताना दिसलं होतं, हे महत्त्वाचं. पण तेव्हापासून पहिल्याच चित्रावर आरडाओरडा केला की ते बदलून मिळतं, असा समज बळावला. कार्टून मालिकेत पहिलं चित्र तुमच्यापर्यंत येतं तोवर पुष्कळ भाग काढून झालेले असतात. ते चित्र बदलायचं म्हणजे कुणाचं तरी वर्ष-दीड वर्षाचं काम टाकून द्यायचं.

सगळे वाद असे कडवट नसतात. मला मनापासून आवडतो तो जोकरच्या डोळ्यांचा वाद. १९९७मध्ये बॅटमॅन मालिकेची पात्रं शेजारच्या सुपरमॅन मालिकेशी जुळावीत म्हणून नव्याने काढली, आणखी कोनदार, आणखी सपाट. स्केअरक्रो हा खलनायक असा काही बदलला की लोक आजही त्याचं नाव काढतात. काळी टोपी, गळ्यात फासाचा दोर, जणू फाशी गेलेला धर्मोपदेशक चालत आलाय. तोच चमू, तेच वर्ष, आणि जोकर मात्र कितीतरी जणांना पसंत पडला नाही. त्याचे लाल ओठ गेले, डोळ्यांतला पांढरा भाग गेला. राहिले काळे खड्डे आणि त्यांत एकेक पांढरा ठिपका. पुढच्या मालिकांमध्ये डोळे पुन्हा पहिल्यासारखे झाले.

आवाज दोन्हीकडे मार्क हॅमिलचाच, त्यामुळे नुसत्या चित्राने काय बदललं ते इथे सुटं करून बघता येतं. मी जुन्या आणि नव्या मालिकेतली जोकरची दृश्यं एकापाठोपाठ एक लावून पाहिलीत, आवाज बंद करून. जुन्या जोकरचा चेहरा अखंड चालू असतो. ओठ पसरतात, डोळे फिरतात, तो कुणाकडे बघतोय ते प्रत्येक क्षणी कळतं. नव्यात ते हरवलं, हे चाहत्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. काळ्या खड्ड्यातला ठिपका हलला तरी नजर वळल्यासारखी वाटत नाही. पण मी त्या काळ्या डोळ्यांच्या बाजूची आहे. तो खूप हसत असतो तेव्हा खालचा अर्धा चेहरा हलतो आणि वरचा अर्धा ढिम्म राहतो. हसणं डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. लाल ओठांचा जोकर मला पुढची खोडी काय करणार या उत्सुकतेत ठेवतो. याच्यासोबत खोलीत थांबायलाही नको वाटतं. नजर कळत नाही हा दोष आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो एखाद्याला शांतपणे धमकावतोय असं एक दृश्य निवडावं आणि आवाज बंद करून बघावं. मग वाद घालू, मी तयार आहे.